वेशीबाहेरचे नाना

चोपड्याला बिऱ्हाड केलं त्या दिवशी आमच्या घरमालकांनी मला नाव विचारलं नाही की माहेर विचारलं नाही. बैलगाडीच्या धक्क्यांनी अंग आंबलं होतं. ओट्यावर ट्रंकेवर बसून मी पाणी पीत होते. ते समोर आले, जरासे वाकले आणि म्हणाले, "सूनबाई, डावा दंड दाखवा बघू."

मी यांच्याकडे पाहिलं. हे हसत होते. शाळेतल्या लोकांनी यांना आधीच सावध केलं असणार. मी पदर थोडा सारला. म्हाताऱ्यांनी चष्मा नीट केला आणि देवी टोचल्याचे वण बराच वेळ निरखले. बोट लावलं नाही. "कुणी टोचल्या कोण जाणे. हात कापत होता त्याचा," एवढं बोलून आत निघून गेले.

तेच नाना. सगळा तालुका त्यांना देवीवाले नाना म्हणायचा. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत गावोगाव हिंडून पोरांना देवी टोचायच्या, हे सरकारी काम त्यांनी सारी उमर केलं होतं. मी गेले तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. माणसांची तोंडं त्यांच्या लक्षात राहत नसत, दंड राहत. बाजारच्या दिवशी एखाद्या मिशाळ शेतकऱ्याची बाही वर सारून ते म्हणायचे, "अरे, हा तर माझा दंड." तो माणूसही न रागावता हात पुढे करून उभा राहायचा. कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत हे चालायचं आणि बघणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नसे.

त्यांची दुसरी खोड मात्र मला फार दिवस उमगली नाही. बंद दाराआडून आलेल्या आवाजावर त्यांचा विश्वास नव्हता. मी स्वयंपाकघरात असले आणि त्यांनी अंगणातून विचारलं, "सूनबाई, बरं आहे ना?" तर "हो, बरं आहे," एवढ्यानं भागत नसे. "समोर येऊन सांगा," म्हणायचे. हात पिठाचे असोत, चुलीवर दूध असो, दारात यावंच लागे. मला पाहिलं की मान हलवून निघून जायचे. सुरुवातीला मला या पहाऱ्याचा राग यायचा. एकदा हे तापानं पडले होते. नानांनी बाहेरून विचारलं, तेव्हा यांनी अंथरुणातूनच ओरडून सांगितलं, "ठीक आहे, नाना." नाना चपला न काढता घरात शिरले, यांच्या कपाळावर हात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत उशाशी बसून राहिले. एकदाच म्हणाले, "आवाज काय, कुणीही देतं."

ते वाक्य माझ्या मनात अडकून राहिलं.

नानांना हिंडायचा भारी नाद. नोकरी सुटली तरी पाय थांबले नव्हते. घरी एक जुनी दमणी होती, वर ताडपत्रीचं छत, आणि बैल त्यांच्याइतकाच शांत. सुटी आली की म्हणायचे, "चला, तुम्हाला आमचा मुलूख दाखवतो." मी साताऱ्याकडची. खानदेश म्हणजे ऊन आणि काळी माती, एवढंच ऐकून आले होते. नानांनी मला सातपुडा दाखवला. सकाळी निळा, दुपारी राखाडी, आणि फाल्गुनात रात्र पडली की अंगावर वणव्याच्या माळा घातलेला. उनपदेवाचं गरम पाणी दाखवलं. दगडी गोमुखातून वाफाळलेली धार बारा महिने पडते, तिच्याखाली त्यांनी मला हात धरायला लावला. केळीच्या बागांतून, पाटाच्या कडेनं, ज्यांच्या वेशींवर अजून जुने कोरीव दगड आहेत अशा गावांतून त्यांनी आम्हाला फिरवलं. कुठे गढीचा बुरूज, कुठे पायऱ्यांची बारव. प्रत्येक गावात त्यांना ओळखणारं कुणीतरी निघायचंच.

पण गावात शिरायची त्यांची एक रीत होती. वेशीपाशी दमणी थांबवायची, चपला काढायच्या, आणि पहिला जो दिसेल त्याला विचारायचं, "बठ्ठा शेतस ना?" सगळे आहेत ना? समोरचा हसून म्हणायचा, "शेतस, नाना, बठ्ठा शेतस." तरी त्यांचं समाधान नसे. ते गावात शिरायचे आणि गल्लीगल्लीतून जायचे. दार लोटलेलं दिसलं की कडी वाजवायचे, माणूस बाहेर येईपर्यंत हलायचे नाहीत. आम्ही बारवेच्या पायऱ्यांवर ताटकळत बसायचो. एकदा हे वैतागून म्हणाले, "नाना, आपण शिरगणतीला आलोय का?" नाना रागावले नाहीत. पण परतीच्या वाटेवर त्यांनी दमणी कुठेच थांबवली नाही.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी मी रडवेली झाले होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशातला सासुरवाशिणींचा सण. गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी आल्या होत्या, झाडाझाडाला झोके बांधलेले, गाणी चाललेली. माझं माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. खापरावरचे मांडे शेजारणींनी आणून दिले, तेही घशाखाली उतरेनात. नानांनी मला दारात बोलावलं, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या आखाजी. घरात बसून करणार काय? पहाटे निघू. तापी दाखवतो."

एरवी पाहुण्यांना घेऊन ते तापीच्या त्या वळणावर हिवाळ्यात जायचे, हे मला नंतर कळलं. आखाजीच्या दिवशी ते तिकडे कधी गेले नव्हते.

उजाडता उजाडता चोपडं मागे पडलं. काळ्या रानातली वाट, कडेला कापसाच्या वाळक्या पळाट्यांचे ढीग. मग जमीन एकाएकी फाटायला लागली. तापीचा काठ असा सरळ उतरत नाही. आधी कोतरं लागतात. पिवळ्या मातीचे उंच उभे कडे, त्यांच्यामधून बोळासारखी वाट, वर आभाळाची चिंधी. बैलाच्या गळ्यातली घंटा आमच्या पुढूनही वाजल्यासारखी वाटायची आणि मागूनही. त्या बोळातून बाहेर पडलो तर समोर नदी. पाणी आटून एका कडेला गेलेलं, मधे वाळूचं पांढरं मैदान, त्यावर टरबुजांच्या वाड्यांचे हिरवे पट्टे. मी इतकी रुंद नदी पाहिली नव्हती.

काठावर उंचावर एक गाव होतं. दगडी वेस शाबूत होती, गढीचा एक बुरूज उभा होता. बाकी धाब्याची घरं बसली होती, भिंतींवर बाभळी उगवल्या होत्या. कुत्रं नाही की धूर नाही.

"गढीवरून नदी फार सुरेख दिसते," नाना म्हणाले. "तुम्ही दोघं पाहून या."

"आणि तुम्ही?" यांनी विचारलं.

"मी इथंच बसतो."

वेशीबाहेर कडुनिंब होता, त्याखाली ते बसले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. काही विचारलंही नाही. विचारणार तरी कुणाला, असं मी मनात म्हटलं. पण प्रत्येक गावात दार न् दार वाजवणारा हा माणूस या गावाकडे पाठ करून बसला होता, हे मला खटकलं.

आम्ही आत गेलो. हे भराभरा गढी चढले. मला उन्हानं चक्कर आल्यासारखं झालं म्हणून मी खालीच भिंतीच्या सावलीला थांबले. सूर्य माथ्यावर आला होता. सावल्या पायाखाली गेल्या होत्या. वाराही पडला होता. भर दुपारी एवढी शांतता मी त्यापूर्वी अनुभवली नव्हती. बाहेरून नानांनी हाक दिली, "सूनबाई, ऊन चढतंय, लवकर या." त्यांचा आवाज गल्लीतून आला, भिंतींवरून फिरला आणि विरून गेला.

मी परत जायला म्हणून वळले आणि गल्ली चुकले. दोन्ही बाजूंना पडक्या भिंती, आणि मधेच एक घर. छप्पर अर्धं खचलेलं, पण दार जागेवर. माझी नजर दारावर ठरली नाही. मी पाहत होते ओटा. ओटा सारवलेला होता. ताजा. शेणाचा ओला वास येत होता आणि सारवणावर बोटांच्या फराट्या स्पष्ट उमटल्या होत्या.

मी जागच्या जागी उभी राहिले. दाराआडून बाईचा आवाज आला, अगदी हलका.

"कोन शे?"

मी ओट्यापासून दोन पावलं मागे सरले.

"नाना उनात का?" आवाजानं विचारलं. नाना आले का?

मी पळाले. कुठल्या बोळातून आणि कशी वेशीबाहेर आले, मला सांगता येणार नाही. पायात काटे मोडले होते ते संध्याकाळी कळलं. नाना उठून उभे राहिले. मी त्यांना एका दमात सांगितलं. सारवलेला ओटा, दार, आवाज.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "जसंच्या तसं सांगा."

"नाना उनात का, असं म्हणाली."

त्यांचा चेहरा पाहून मला माझ्या भीतीचा विसर पडला. ते खाली बसले. एवढ्यात हेही मला शोधत धापा टाकत आले. आणि तिथं, त्या निंबाखाली, नानांनी आम्हाला जे सांगितलं ते त्यांनी त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिलं महायुद्ध संपता संपता मानमोडीच्या तापाची साथ आली होती. माणूस सकाळी चालता, संध्याकाळी आडवा. सरकारनं देवीवाल्यांनाही औषधाच्या बाटल्या देऊन गावोगाव पाठवलं. नाना फिरून फिरून थकले होते. त्यांची बायको त्याच साथीत चार दिवसांपूर्वी गेली होती. ते या वेशीशी आले तेव्हा दुपारच होती. जे चालू शकत होते ते गाव सोडून गेले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. गल्लीत कुणी दिसेना. पाय पुढे टाकायचं त्यांच्या मनात भय होतं. वेशीतूनच त्यांनी ओरडून विचारलं, "बठ्ठा शेतस ना?" आतून एका बाईचा आवाज आला, "शेतस, नाना, बठ्ठा शेतस. तुम्ही जा." त्यांनी बाटली वेशीच्या कोनाड्यात ठेवली आणि ते गेले.

"काही दिवसांनी शेजारच्या गावचे लोक आत गेले," नाना म्हणाले. "दारं आतून लावलेली. ज्यांना उठता आलं नव्हतं ते सगळे तसेच घरात. बाई खोटं बोलली नव्हती. सगळे होतेच. या गावची सगळी पोरं मी टोचली होती, मास्तर. एकूण एक दंड माझा होता."

थोड्या वेळानं नाना उठले. त्यांनी चपला काढल्या, निंबाच्या बुंध्याशी नीट लावून ठेवल्या आणि वेशीतून आत गेले. आम्ही मागोमाग गेलो. एकट्यांना जाऊ द्यायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाहेर थांबायचीही नव्हती.

त्या ओट्यापुढे येऊन त्यांनी कडी वाजवली. "समोर या," ते म्हणाले.

दार उघडलं. आतून एक बाई बाहेर आली. पस्तिशीची असेल, अंगावर विटकं नेसण, हात शेणानं भरलेले. मी मघापासून काय समजले होते ते आठवून मी तिच्या पायांकडे पाहिलं. ती जिवंत होती. मागे, खचलेल्या छपराखाली, उन्हाच्या कवडशात पाण्यानं भरलेली नवी घागर मांडलेली दिसत होती, तोंडावर खरबूज. आखाजीला गेलेल्यांसाठी अशी घागर भरतात.

नानांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिचा डावा हात वर होता, चौकटीला धरलेला. त्यावरचे वण त्यांनी पाहिले. "आडगावचा दंड," ते पुटपुटले. "परकरी पोर होतीस."

"हा, नाना. आठेच दिधेल व्हती माले." लग्न करून इथंच दिली होती मला, ती म्हणाली. "वेसपन तुमना आवाज ऐका अन वळखा." वेशीशी नानांनी मला मारलेली हाक तिनं ऐकली होती.

तिनं ओट्यावर पोतं टाकलं. नाना बसले. आम्ही उभेच होतो. तिनं सांगितलं ते असं. तिला माहेरच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्या घरातून उचलून नेलं होतं, कशी वाचली तिचं तिलाच ठाऊक नाही; घरातलं दुसरं कुणी उरलं नाही. तेव्हापासून ती भावाकडे राहते. आखाजीला साऱ्या लेकी सासरहून माहेरी येतात. ही एकटी माहेराहून सासरी यायची. ओटा सारवायची, घागर भरायची, दिवस कलला की परत जायची.

नाना खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या दिनले तू माले पाठाडं. माले साथ लागू नही म्हनीसन पाठाडं. तुन्हा उपकार शेतस."

त्या दिवशी तूच मला परत पाठवलंस, साथ लागू नये म्हणून, तुझे उपकार आहेत. इतकी वर्षं हा माणूस मनात हेच जुळवत आला असणार.

बाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"तो जबाब मी दिधा नही, नाना," ती म्हणाली. "मन्ही जीभ टाळूले चिकटेल व्हती. तुम्ही इचारं ते माले ऐकू उनं. जबाब बी ऐकू उना."

"मंग कोनी दिधा?"

"मन्ही सासूनी. आवाज तिनाच व्हता. मन्हा शेजारे पडेल व्हती ती." बाईनं आत, घागरीकडे पाहिलं. "पन ती आदला दिनच मरी जायेल व्हती."

सासू आदल्याच दिवशी गेली होती. गढीवर एक पारवा फडफडला तेवढाच आवाज. यांनी माझा हात धरला होता, यांचा तळवा इतका गार होता की मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तेच इचाराले मी दर साल येस," बाई म्हणाली. "का व धाडी दिधं त्यास्ले, का पाठवी दिधं, म्हनीसन. ती काही सांगत नही."

नानांनी सारवणावरच्या बोटांच्या फराट्यांवर तळवा टेकला. शेवटी त्यांनी जे विचारलं त्यासाठी त्यांना सगळं बळ एकवटावं लागलं असावं. "मी घरमा उनू असतू तर?"

बाईनं विचार केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला अधिक कठीण गेलं.

"तर माले पानी भेटतं," ती म्हणाली. "दुसरं काय."

नाना उठले. तिला म्हणाले, बस. कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलली आणि ते उन्हात निघाले. मी पुढे झाले, हेही पुढे झाले, पण त्यांनी आम्हाला हातानं थांबवलं. कडा उतरून, तापत्या वाळूतून अनवाणी, ते नदीच्या धारेपर्यंत गेले. गढीच्या उतारावरून आम्ही पाहत होतो. वाळूत त्यांची आकृती लहान होत गेली, पाण्याशी वाकली, मग हळूहळू मोठी होत परत आली. पायांना फोड आले होते. त्यांनी कळशी तिच्यापुढे ठेवली. बाईनं ओंजळ धरली, नानांनी पाणी ओतलं. ती पुष्कळ प्याली. इतका वेळ प्याली की मला वाटलं, ही थांबणारच नाही.

मग तोंड पुसून ती म्हणाली, "आते तुम्ही उनात. पुढली आखाजीले मी येनार नही. मन्हा भाऊना आंगनमा झोका शे, त्यावर बससू."

तिनं दार ओढून घेतलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि कोतरांच्या वाटेनं निघून गेली. मागे वळून तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर नाना बदलले. वेशीवर थांबून विचारणं सुटलं. मी स्वयंपाकघरातून "बरं आहे" म्हटलं तर ते त्यांना पुरू लागलं. यांनी त्या दिवसाचा विषय घरात पुन्हा काढला नाही. तापाच्या भरात अर्धमेली पोर काय ऐकेल आणि काय नाही, असं एकदा म्हणाले, पण नानांनीही तेच ऐकलं होतं.

पुढे काही वर्षांनी यांची बदली धुळ्याला झाली. सामान बांधलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी नेमकी आखाजी आली. पहाटे अंगणात खुडबुड ऐकून मी बाहेर आले. नाना दमणी जुंपत होते. नवी मातीची घागर त्यांनी गवतात नीट बसवली होती. ते दर आखाजीला एकटेच जातात हे मला माहीत होतं. सोबतीला कुणाला नेत नसत.

"ती बाई तर येत नाही," मी म्हटलं. "मग घागर कुणाची?"

"तिच्या सासूची. तिनं मला वाचवलं म्हणा, नाहीतर सुनेचं पाणी तोडलं म्हणा. ते तिचं तिला ठाऊक. पण तीही तापातच गेली ना. तिला कुणी पाणी विचारलं नाही."

त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"घागर भरून ठेवतो आणि ओट्यावर बसतो," ते म्हणाले. "उन्हं कलली की आत जाऊन पाहतो. पाणी अर्ध्यावर गेलेलं असतं."

"मातीची घागर आहे, नाना. उन्हात पाझरतेच."

"पाझरते," त्यांनी कबूल केलं. दमणीत चढून त्यांनी कासरा हातात घेतला. "पण खालची जमीन कोरडी असते, सूनबाई."

फाटकातून दमणी बाहेर पडली. घागर हिंदकळू नये म्हणून त्यांनी बैल अगदी सावकाश चालवला होता.